बंदुकीच्या किमतीवर दुकानदाराने लावलेला वरखर्च द्यावा का?

देवगडचा बागायतदार:
माझ्या नावे शेतीसंरक्षणासाठीचा शस्त्रपरवाना आहे. कलमांच्या बागेत वानरांचा उपद्रव वाढल्यामुळे आमच्या भागातील एका विक्रेत्याकडे एकनळी बाराबोर बंदूक ठरवली आणि इसारही दिला. दूरध्वनीवर किंमत ‘सगळे धरून’ अशीच सांगण्यात आली होती. प्रत्यक्ष आणावयास गेलो, तेव्हा ‘नोंदणी खर्च’, ‘पोलीस तपासणी खर्च’ आणि ‘हाताळणी’ अशा नावांनी जवळजवळ साडेसात हजार रुपये वाढवण्यात आले. शिवाय पट्टा, साफसफाईची सळई आणि काडतुसांचे एक खोके घेतल्याखेरीज बंदूक मिळणार नाही, असेही सांगण्यात आले. हातात आहे ती फक्त कच्ची पावती. यांतील कोणता खर्च योग्य आहे? उद्या काडतुसांसाठी याच दुकानाची पायरी चढावी लागणार, म्हणून भांडण टाळून मार्ग निघाला तर हवा आहे.

निवृत्त अव्वल कारकून, रत्नागिरी:
प्रथम सरकारी शुल्क आणि दुकानाची आकारणी यांची फारकत करा. परवान्याचे शुल्क सरकारजमा होते. महाराष्ट्रात ते ‘ग्रास’ या सरकारी भरण्याच्या ऑनलाइन प्रणालीतून भरता येते आणि चलनावर भरणाऱ्याचे नाव असते. तेव्हा ‘नोंदणी खर्च’ सरकारी असल्याचे दुकानदार म्हणत असेल, तर तुमच्या नावाचे चलन मागा. शस्त्रे व काडतुसे यांच्या विक्रीची नोंदवही ठेवणे हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांखाली विक्रेत्याचेच कर्तव्य आहे. स्वतःचे कर्तव्य बजावल्याची किंमत सरकारी शुल्क म्हणून ग्राहकाकडून मागणे मला तरी पटत नाही. ‘पोलीस तपासणी खर्च’ हा शब्दप्रयोग तर अधिकच संशयास्पद वाटतो. बंदूक घेतल्यावर ती दाखवून परवान्यावर तिच्या क्रमांकाची नोंद करून घेण्यासाठी तुम्ही स्वतःच जाणार असाल, तर त्या पैशाचे दुकानदार नेमके काय करणार, हे त्यालाच लेखी विचारावे. बहुतेक वेळा एवढ्या प्रश्नावरच ती रक्कम गळून पडते.

पट्टा आणि काडतुसे गळ्यात मारण्याबद्दल २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा स्पष्ट आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही त्या कायद्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते आणि विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा.

परवानाधारक, चिपळूण:
बिलाचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन, कारण बंदुकीच्या बाबतीत बिल हा केवळ पैशाचा हिशेब नसतो. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर व क्रमांक आणि तुमचा परवाना क्रमांक बिनचूक हवा. कच्च्या पावतीवर शस्त्र घरी आणू नका. बाराबोर बंदुकीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. सांगितलेली किंमत करासह आहे की कराशिवाय, हे बिलात वेगळे दिसले पाहिजे. काडतुसांच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असेल, तर ती सर्व करांसह असते आणि तिच्यावर एक रुपयाही चढवता येत नाही.

दुकानांचे हिशेब लिहिणारा, कुडाळ:
थोडी दुसरी बाजूही मांडतो. या धंद्यात विक्री थोडी, पण सुरक्षित कोठार, माल आणण्याची व्यवस्था आणि नोंदवह्या यांचा खर्च बाराही महिने असतो. विक्रेत्याने त्यासाठी पैसे घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. मात्र ते आधी सांगितलेल्या किमतीत धरलेले असावेत किंवा वेगळी सेवा म्हणून, ग्राहकाच्या संमतीने आणि करासह बिलात दाखवलेले असावेत. इसार खिशात पडल्यावर उगवलेली ‘हाताळणी’ या दोहोंत बसत नाही.

देवगडचा बागायतदार:
आभारी आहे. त्याने नकारच दिला आणि इसारही अडकवून ठेवला, तर?

निवृत्त अव्वल कारकून, रत्नागिरी:
आधी साधे पत्र द्या: ठरलेली किंमत, दिलेला इसार, वाढीव रकमा आणि पक्क्या बिलाची मागणी, एवढेच त्यात लिहा आणि पोच घ्या. दूरध्वनीवरील बोलणे सिद्ध करणे कठीण असते, म्हणून ठरलेली किंमत संदेशाने कळवून त्याचे उत्तर मिळवता आले, तर पत्राला बळ येईल. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. अनेक दुकानदार तेवढ्यावरच नरमतात. नाहीच जमले, तर सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे दुकान कोल्हापुरात असते तरी तुम्हाला घाट चढावा लागला नसता. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बंदूक धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही या कायद्याखाली ग्राहकच नाही, असा बचाव समोरून येऊ शकतो. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतलेली धरली जात नाही, म्हणून सातबारा आणि परवान्यावरील शेतीसंरक्षणाचा उल्लेख तक्रारीसोबत जोडावा.