कोर्टाकडून येणाऱ्या लोकांसाठी मानसिक आरोग्याची ओपीडी – सरकारी अनुदान कुठून आणि कसं?

सुनीता_परभणी

नमस्कार सगळ्यांना. परभणी जिल्ह्यात आमची लहानशी संस्था आहे, पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली, आयकराची १२ए आणि ८०जी दोन्ही नोंदणी आहे. समुपदेशनाची ओपीडी चालवतो, मी आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेली एक कार्यकर्ती, आणि नांदेडहून एक सायकियाट्रिस्ट डॉक्टर शनिवारी येतात, ते येण्याजाण्याचा खर्चसुद्धा घेत नाहीत. ॲडमिट कुणाला करत नाही, तेवढी जागाच नाही.

झालंय असं की अलीकडे कोर्टाकडून माणसं यायला लागलीत. घरगुती हिंसाचाराच्या केसमधली जोडपी, गांजा ओढताना सापडलेली पोरं, बाल न्याय मंडळाकडून आलेली मुलं, आणि काही अशी माणसं की ज्यांच्यावर मारामारीचा गुन्हा आहे पण मुळात त्यांना स्किझोफ्रेनिया आहे आणि गोळ्या बंद पडल्या म्हणून तो प्रकार झाला. बहुतेक वेळा वकील नाहीतर कोर्टातलं कुणीतरी तोंडी सांगतं की अमुक ठिकाणी जा. आम्ही कुणाला माघारी पाठवत नाही. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, चारही आमच्याकडून लांब, रोजंदारीवरचा माणूस दर महिन्याला तिथं जाणार कसा?

पण आता खर्च पेलवेना. कार्यकर्तीचा पगार थकतोय, औषधं देणगीवर चाललीत. "न्यायालयाने पाठविलेल्या व्यक्तींसाठी बाह्यरुग्ण मानसोपचार सेवा" असं नाव देऊन प्रस्ताव तयार केलाय पण तो द्यायचा कुणाकडं तेच कळंना, समाजकल्याण म्हणतं आरोग्याकडं जा, आरोग्य म्हणतं महिला बालविकासकडं. अशी योजना आहे का? मनोरुग्णालयासारखी नोंदणी लागते का? आणि कोर्ट रिपोर्ट मागतं त्यात नेमकं काय लिहायचं? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

लेखापाल_विदर्भ

ताई, मी दोन-तीन संस्थांचं अनुदानाचं काम बघतो म्हणून सरळ सांगतो, या नावाची योजना केंद्रात नाही आणि राज्यातही मला कधी दिसलेली नाही. तुमचा प्रस्ताव टोलवला जातोय तो त्यामुळंच, टेबलावर बसलेल्या माणसाला तो कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखाली, घालावा हे कळत नाही. कोर्टानं पाठवलं हा तुमच्यासाठी महत्त्वाचा मुद्दा आहे पण खात्यासाठी तो हेडच नाही. माणूस कशासाठी आलाय त्यावर खातं ठरतं.

म्हणून एकच मोठा प्रस्ताव मोडा. नशेची पोरं एका बाजूला काढा, त्यांच्यासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची एनएपीडीडीआर योजना आहे, म्हणजे व्यसनाला आळा घालायचा राष्ट्रीय कृती आराखडा. त्यात संस्थांना अनुदान मिळतं. लोक फक्त आयआरसीए म्हणजे बेडवालं व्यसनमुक्ती केंद्र एवढंच धरून बसतात आणि जागा नाही म्हणून सोडून देतात, पण त्याच योजनेत ओडीआयसी आहे, आउटरीच आणि ड्रॉप-इन सेंटर, त्यात माणूस येतो, तपासणी होते, समुपदेशन होते, गरज पडली तर पुढं पाठवतात. तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचं तेच. किशोरवयीन मुलांसाठी सीपीएलआय पण आहे, पण त्यात जोर प्रतिबंधावर आणि मुलांनीच मुलांना सांगण्यावर आहे, उपचारावर नाही.

अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. त्याआधी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी आणि युनिक आयडी पाहिजे, त्याच्याशिवाय गाडी पुढं जातच नाही. पैसे आले की खर्च पीएफएमएस या सरकारी हिशेबाच्या पोर्टलवर दाखवावा लागतो. जिल्ह्याची तपासणी आणि राज्याची शिफारस झाल्याशिवाय फाइल दिल्लीला जात नाही, त्यामुळं समाजकल्याणच्या जिल्हा ऑफिसला अर्ज टाकायच्या आधीच भेटून या, जागा दाखवा, रजिस्टर दाखवा.

आणि ताई सगळ्यात आधी एक गोष्ट बघा. धर्मादाय आयुक्तांकडं तुमचे चेंज रिपोर्ट मंजूर आहेत का? विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली कळवायचं असतं. संस्थेनं कळवलेलं असतं पण ते वर्षानुवर्षं पेंडिंग पडतं, मग धर्मादायच्या नोंदीत (शेड्यूल १) जुनी नावं, दर्पणवर नवी नावं, बँकेत तिसरीच सही, आणि चांगल्या संस्थेची फाइल एवढ्यावरून परत येते. काम बघायला कुणी येतच नाही, कागदावरच अडकतं. फार जिवाला लागतं असं झालं की. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक अहवालही काढून ठेवा, सगळीकडं मागतात.

ॲडव्होकेट_दिपाली

लेखापाल दादांनी हेड सांगितला, मी कायद्याची बाजू सांगते कारण कोर्टातून माणूस तोंडी पाठवला जातोय हे वाचून मला काळजी वाटली. तोंडी आलेला माणूस उद्या तुमच्या रजिस्टरमध्ये "कोर्ट रेफरल" म्हणून मोजता येणार नाही आणि त्याच्या केसमध्येही त्याला त्याचा फायदा मिळणार नाही. प्रत्येक जण कुठल्या कलमाखाली येतोय हे विचारायची सवय लावा.

गांजाच्या पोरांचं बघा. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५, त्याचं कलम ३९, थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात किंवा नशा केल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीनं, बाँड घेऊन उपचारासाठी सोडू शकतं, आणि जास्तीत जास्त एक वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट कोर्टात द्यावा लागतो. (गांजाच्या बाबतीत थोडं प्रमाण म्हणजे १ किलोपर्यंत.) कलम ६४ए वेगळं आहे, त्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट मिळते, उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. पण दोन्हीकडं एक अट आहे, उपचाराचं ठिकाण सरकारी किंवा सरकारमान्य पाहिजे. म्हणजे तुमच्यासाठी अनुदानाइतकीच मान्यता महत्त्वाची आहे ताई, कारण ती नसेल तर तुम्ही कितीही मनापासून काम केलं तरी समोरचा सरकारी वकील विचारणार की हे केंद्र कोण.

स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचं कलम तर बहुतेक वकिलांच्याही लक्षात नसतं. बीएनएसएस म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याचं कलम ३६९, आधीचं सीआरपीसी ३३०. आरोपी मनोरुग्ण आहे म्हणून खटला पुढं ढकलला गेला आणि त्याला ॲडमिट करायची गरज नसेल तर कोर्टानं त्याला जामिनावर सोडायचं आहे, गुन्हा जामीनपात्र असो नसो, मात्र नातेवाईक किंवा मित्रानं हमी द्यायची की जवळच्या ठिकाणी नियमित ओपीडी उपचार करून घेईन आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याकडं बघेन. ही हमी द्यायला भाऊ, आई तयार असतात हो, पण जवळ ओपीडीच नसली तर कोर्टापुढं सांगणार काय? माणूस जेलमध्येच राहतो. तुमच्यासारखं केंद्र तालुक्यात असणं म्हणजे एखाद्याची सुटका असते, हे प्रस्तावात पहिल्या पानावर लिहा.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम १४ खाली मॅजिस्ट्रेट समुपदेशनाला पाठवू शकतात, पण ते सेवा पुरवठादार म्हणून कलम १० खाली नोंदलेल्या संस्थेकडं. ती नोंदणी महिला बालविकास खात्याकडं. आणि कृपया हे काम मानसोपचाराच्या ओपीडीत मिसळू नका. त्या कायद्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट आहे की समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही. "त्याला टेन्शन होतं म्हणून मारलं" अशी नोंद तुमच्या फाइलमध्ये गेली तर ती त्या बाईच्याच विरोधात वापरली जाईल.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा. ते अनुदान देणार नाहीत पण नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) योजना आहेत, एक मनोरुग्णांसाठी आणि एक नशेच्या बळींसाठी, त्याखाली तुमच्या केंद्राचं नाव त्यांच्या यादीत येऊ शकतं आणि तिथून लेखी रेफरल येतील. त्यांचं एक पत्र प्रस्तावाला जोडलं तर वजन येतं.

निवृत्त_सिव्हिल

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी सरकारी दवाखान्यात नोकरी केली. स्किझोफ्रेनिया, बायपोलर या पेशंटसाठी संस्थेनं स्वतंत्र ओपीडीचं अनुदान मागत फिरू नये असं मला वाटतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे ना, तो त्यासाठीच आहे, सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी टीम असते आणि औषधं फुकट. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १८ प्रमाणे ही सेवा देणं सरकारची जबाबदारी आहे. तुम्ही देणगीतून गोळ्या विकत आणत बसलात तर सरकारवरचा दबाव कमी होतो आणि तुमची देणगी आटली की पेशंटच्या गोळ्या परत बंद, परत मारामारी, परत कोर्ट.

सिव्हिल सर्जनना भेटून करार करा की टीमचा तालुक्याचा दिवस तुमच्या जागेत घ्यायचा. औषध त्यांचं, डॉक्टर त्यांचे. तुम्ही पेशंटचा पाठपुरावा करा, कोर्टाच्या तारखेला सोबत जा, घरच्यांना समजावा. हे काम सरकारी टीमला जमत नाही, माणसं कमी असतात.

सुनीता_परभणी

राग कसला काका, उलट बरं वाटलं. पण आमच्याकडं टीममधली पदं रिकामी असतात, तालुक्याचा दिवस कधी होतो कधी नाही. पेशंटला तारीख देऊन तो आला आणि डॉक्टर नसले तर तो परत येत नाही. त्यामुळंच शनिवारची ओपीडी सुरू केली होती. म्हणजे करार केला तरी स्वतःचा डॉक्टर लागणारच.

नोंदणीचं आणि रिपोर्टचं कुणी सांगेल का? एका केसमध्ये कोर्टानं "उपचाराची संपूर्ण माहिती" मागितलीय, त्या पेशंटनं सेशनमध्ये घरच्या अशा गोष्टी सांगितल्यात की त्या बाहेर गेल्या तर त्याचं घर मोडेल.

मनोसामाजिक_पुणे

सुनीताताई, मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, या रिपोर्टच्या प्रश्नावर मला मनापासून लिहायचंय कारण अनुदान, मान्यता सगळं मिळेल पण इथं विश्वास गेला तर पेशंट येणार नाही.

आधी नोंदणी. २०१७ च्या कायद्यात मानसिक आरोग्य आस्थापनेची जी व्याख्या आहे ती पेशंटला दाखल करून ठेवण्याच्या जागेची आहे, तिला कलम ६५ खाली राज्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नुसत्या ओपीडीला ती व्याख्या लागू होत नाही. तरी "आम्ही दाखल करत नाही" असं सिव्हिल सर्जनना लेखी कळवून पोच घेऊन ठेवा, तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल. एखाद्याला "आज रात्र इथंच झोपू दे" म्हणून ठेवलंत तर मात्र गोष्ट बदलते, तसं अजिबात करू नका. समुपदेशन करणाऱ्याचं शिक्षण नीट लिहा, आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी नसेल तर त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणू नका, प्रस्तावात तर नाहीच.

आता रिपोर्ट. त्याच कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. मी असं करते की पहिल्या भेटीतच, काहीही विचारायच्या आधी, त्या माणसाला सांगते की तुला कोर्टानं पाठवलंय, मी कोर्टाला एवढं एवढं कळवणार, बाकी तुझं माझ्याकडं राहील, आणि हे मराठीत लिहून त्याची सही घेते. कळवायचं ते असं: आला की नाही, किती वेळा आला, उपचार चालू आहेत का, पुढं चालू ठेवायची गरज आहे का. सेशनमधलं बोलणं रिपोर्टमध्ये जात नाही. कोर्टानं "संपूर्ण माहिती" मागितली असेल तर गप्प बसू नका आणि सगळं देऊनही टाकू नका, एक अर्ज करा की कलम २३ मुळं एवढीच माहिती देता येते, त्याहून जास्त हवी असल्यास नेमकी कुठली आणि कशासाठी ते आदेशात सांगावं. दिपालीताई यावर जास्त नीट सांगतील. माझा अनुभव असा की न्यायाधीशांना बहुतेक वेळा फक्त माणूस जातोय का एवढंच बघायचं असतं, "संपूर्ण" हा शब्द टायपिंगच्या ठोकळ्यातून आलेला असतो.

"पूर्ण बरा झाला" असं कधीच लिहू नका. आणि रजिस्टर दोन ठेवा, एक केस फाइल जी कुलपात राहते, दुसरं अनुदानाचं रजिस्टर ज्यात नाव नाही, फक्त कोड, वय, कुठून आला, किती भेटी. तपासणीला आलेल्या साहेबाला दुसरं दाखवायचं. मुलांच्या बाबतीत तर फार जपा, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही आणि तरी मी असे प्रस्ताव पाहिलेत की ज्यात मंडळाकडून आलेल्या मुलांचे चेहऱ्यासकट फोटो चिकटवलेले असतात, वर नाव गाव. देणगीदारांना दाखवायला म्हणून. त्या पोरांनी पुढं शाळेत, गावात तोंड कसं दाखवायचं?

लेखापाल_विदर्भ

मनोसामाजिक ताईंचं दोन रजिस्टरचं अगदी बरोबर, ऑडिटलाही चालतं. सुनीताताई, मुलांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला भेटा, मिशन वात्सल्य ही केंद्राची बाल संरक्षणाची योजना त्यांच्याकडंच आहे, आणि मंडळ बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली समुपदेशन किंवा व्यसनमुक्तीचा आदेश करतं तेव्हा तुमच्या केंद्राचं नाव त्यात लिहून यावं असं मंडळाच्या सदस्यांना सांगून ठेवा.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं. केंद्राच्या वित्तीय नियम २०१७ (जीएफआर) प्रमाणे एकाच कामासाठी दोन ठिकाणचं सरकारी अनुदान घेता येत नाही आणि तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून प्रस्ताव मोडताना पगारही मोडा. कार्यकर्तीचा पूर्ण पगार व्यसनाच्या प्रस्तावात दाखवला तर तोच पगार दुसरीकडं दाखवू नका. अनुदानावरचं बँकेचं व्याज तुमचं नसतं, ते परत जातं. उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए या नमुन्यात, ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता नाही. आणि पैसे उशिरा येतात हे धरूनच चला, अनुदान मंजूर झालं तरी मधले महिने पगार चालवायला काही शिल्लक पाहिजे. त्यासाठी सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी बघा, सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी नंबर घ्या, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी डॉक्टरांचा खर्च आणि पाठपुरावा त्यातून करा कारण त्या पेशंटच्या ओपीडीसाठी संस्थेला थेट सरकारी अनुदान मिळणं अवघड आहे. दिव्यांग विभागाच्या दीनदयाळ योजनेत मनोरुग्णांसाठी हाफवे होम (उपचारानंतरचं पुनर्वसन केंद्र) आहे पण ते निवासी, तुमचं नाही.

ॲडव्होकेट_दिपाली

"संपूर्ण माहिती"च्या आदेशाचं: तो आदेश मला मेसेजमध्ये पाठवा, नाव झाकून. तारीख कधीची आहे तेही लिहा. अर्ज पुढच्या तारखेच्या आधी जायला पाहिजे, तारखेच्या दिवशी तोंडी सांगू नका. आणि उद्यापासून वकिलांना एक सांगा, माणूस पाठवताना आदेशाची प्रत सोबत द्या, त्यात केस नंबर, कलम, कशासाठी पाठवलंय आणि रिपोर्ट कधी हवाय एवढं असलं की पुरे. प्रत नसली तरी पेशंटला परत पाठवू नका, बघा त्याला, पण त्याच दिवशी कोर्टाच्या अधीक्षकांच्या नावे एक पत्र टाका की अमुक केसमधली व्यक्ती आमच्याकडं आली आहे, आदेशाची प्रत मिळावी. त्या पत्राची पोच हाच तुमचा पुरावा.

सुनीता_परभणी

मेसेज केलाय ताई. चेंज रिपोर्ट बघितला, २०१९ चा एक पेंडिंग निघाला, लेखापाल दादा तुम्ही म्हणालात तसंच. सोमवारी धर्मादायला जाते, मग समाजकल्याण. काका, सिव्हिल सर्जनांची वेळ पण मागते, डॉक्टर त्यांचे नाही आले तरी निदान औषधं त्यांच्याकडून मिळाली तर खूप मोठा भार कमी होईल. ओडीआयसीचा अर्ज कुणी भरलेला असेल तर जागेचा भाडेकरार किती वर्षांचा मागतात तेवढं सांगा, आमचा ११ महिन्यांचा आहे.