मदत हवी आहे : कॅप बसवल्यापासून दाढ उंच लागते, तिच्यावर येणारी वरची दाढ घासून घ्यावी का?

नमस्कार. माझ्या आईच्या (वय ६२) खालच्या दाढेवर रूट कॅनॉलनंतर दीड महिन्यापूर्वी झिरकोनियाची कॅप बसवली. त्या दिवशी जबडा बधिर असल्यामुळे दात नेमके कसे मिळतात हे तिला सांगताच आले नाही, आणि आता तोंड मिटताना तीच दाढ सर्वांत आधी टेकते, भाकरी चावताना कळ येते, शिवाय तिच्यावर येणारी वरची दाढ किंचित हलू लागली आहे. दंतवैद्यांनी रंगीत कागद चावायला देऊन कॅपवर उमटलेले उंच ठिपके एकदा घासले. आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. आता वरच्या नैसर्गिक दाढेचे टोकही घासावे, असे ते सुचवतात. इनॅमल (दातावरचे कठीण आवरण) एकदा गेले की परत येत नाही, म्हणून मन धजावत नाही. आईला झोपेत दात खाण्याची सवय आहे (हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते, ही चूक आमचीच). अशा वेळी आधी नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक आवरण) वापरून पाहावे, की कॅपच बदलून घ्यावी? हिरड्या निरोगी असतील तर चाव्याचा जादा ताण हटल्यावर हलणारा दात पुन्हा घट्ट होऊ शकतो, असे वाचले आहे. तसा अनुभव कोणाला आहे का, आणि त्याला किती काळ लागला? प्रोस्थोडॉन्टिस्टकडे (कॅप, कवळी यांचे तज्ज्ञ) जावे की पेरिओडॉन्टिस्टकडे (हिरड्यांचे तज्ज्ञ), हेही कृपया सांगावे.