लेकीची मैत्रीण सहलीला न्यावी का?

उंबरठा (धागाकर्ती):
मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. आठ दिवस समुद्रकाठी जायचं ठरतंय. काल लेकीने सांगून टाकलं, "मैत्रीण येणार असेल तरच मी येईन." नवरा म्हणतो, येऊ दे की. माझं मन मात्र तयार होत नाही. तीन वर्षांनी ती १८ची होईल, शिकायला बाहेर पडेल. चौघांनी मिळून करायच्या सहली आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यातली एक अशी द्यायची? शिवाय दोघी दार लावून बसल्या की धाकटा एकटा पडणार. तुम्ही काय केलं असतं?

भटकी:
खुशाल न्या. आम्ही लेकाच्या मित्राला दोनदा नेलंय. घरी आमचा मुलगा "हं", "बरं", "माहीत नाही" यापलीकडे बोलायचा नाही. मित्र शेजारी बसला आणि गाडीत किस्से सुरू झाले. मध्येच तो मित्र म्हणाला, "काकू, वर्गात सगळे एका मुलाला चिडवत होते, तेव्हा हा एकटा त्याच्या बाजूने उभा राहिला. सांगितलं नाही याने?" नव्हतं सांगितलं. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. तो मित्र सोबत नसता तर ही गोष्ट मला कधीच कळली नसती.

दीपस्तंभ:
माझं मत साफ उलट आहे. एक तर "तरच येईन" ही अट आहे. ती यंदा मान्य केलीत की पुढच्या वर्षीही तेच. दुसरं म्हणजे, परक्याचं मूल सांभाळणं काय असतं ते आम्ही भोगलंय. मुलीच्या मैत्रिणीला नेलं होतं. तिसऱ्या रात्री तिला सणसणून ताप भरला. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "हिचे पालक कोण?" तिच्या घरचे फोन पहाटेपर्यंत लागले नाहीत. तिला कुठलं औषध चालत नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. सकाळी ताप उतरला, पण ती रात्र मी बाकावर बसून काढली. पुन्हा कुणाचं मूल न्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

भटकी:
तुमच्यावर काय वेळ आली असेल ते समजतं. पण यातलं बरंचसं आधी टाळता येतं. आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र, उपचारांना परवानगी, ॲलर्जी आणि चालू औषधांची यादी, विम्याची प्रत, दोन-तीन फोन नंबर. परदेशी जाणार असाल तर पत्र हवंच. १८ वर्षांखालचं मूल पालकांशिवाय दिसलं की अनेक देशांत सीमेवरचे अधिकारी ते मागू शकतात, काही ठिकाणी नोटरी केलेलं लागतं.

दीपस्तंभ:
कागद असला तरी जबाबदारी आपलीच राहते. आणि दोन मुलं एकत्र आली की ती एकेकट्यासारखी वागत नाहीत. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा २००५ सालचा अभ्यास आहे. गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये सोबती बघत असले की १३ ते १६ वर्षांची मुलं एकटं असतानापेक्षा जास्त धोका पत्करत होती. प्रौढांवर सोबतीचा इतका परिणाम दिसला नाही. इथे तर समोर समुद्र आहे. एकटी असेल तर गुडघाभर पाण्यात थांबेल, मैत्रीण असेल तर गळ्यापर्यंत जाईल.

लाटा:
दीपस्तंभ यांच्या या मुद्द्याला अनुमोदन. "पोहता येतं" एवढ्यावर विसंबू नका. तलावात शिकलेल्या मुलाला समुद्राची ओढ ठाऊक नसते. पाणी आत खेचायला लागलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहातून बाहेर पडायचं, हे दोघींना आधी शिकवा. आणि मोठ्यांपैकी एकजण कायम पाण्याशी हवा, हातात फोन न घेता.

चांदणी:
मी स्वतः ती "सोबत नेलेली मैत्रीण" होते, म्हणून लिहितेय. आमच्या घरी सहलीला जाण्याइतके पैसे कधी नसायचे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो १४व्या वर्षी, मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर. त्याबद्दल मी आजही त्या काकूंची ऋणी आहे. पण ते दिवस सोपे नव्हते. खाऊचे पैसे कुणी द्यायचे हे ठरलं नव्हतं, म्हणून कुणी काही घेऊ का विचारलं की मी "भूक नाही" म्हणायचे. एकदा काका-काकूंचं कडाक्याचं भांडण झालं आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना. नेणार असाल तर खर्चाचं तिच्या आईशी आधीच स्पष्ट बोला, आणि ते त्या मुलीच्याही कानावर जाऊ द्या.

उंबरठा:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचून आज लेकीशी बोलले. अट का घातलीस, एवढंच विचारलं. म्हणाली, "मागच्या वेळी सगळं छोट्याच्या वेळेने झालं. तो दमला की परत, त्याला खेळायचं तिथेच थांबायचं. मी आठ दिवस कुणाशी बोलायचं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. गेल्या सहलीत ती सारखी फोनमध्ये होती म्हणून मी चिडले होते.

दीपस्तंभ:
मग सहल तिच्या वेळेने आखा. त्यासाठी मैत्रीण कशाला? एक संध्याकाळ धाकट्याला बाबांकडे सोपवा आणि तुम्ही दोघीच बाहेर पडा. तिला तुम्ही हव्या आहात, ताई.

उंबरठा:
दीपस्तंभ, तुमचं हे वाक्य मनाला लागलं. दोघींची संध्याकाळ नक्की करणार. पण तिला माझ्याखेरीज तिच्या वयाचंही कुणीतरी हवंय, आणि त्यात मला गैर वाटत नाही. मैत्रिणीला नेतेय, आठही दिवस नाही, शेवटचे चार. तिचे बाबा तिला आणून सोडायला तयार आहेत. पहिले चार दिवस आम्ही चौघंच. पत्र, औषधं, खर्च, पाण्याचे नियम, सगळं आज तिच्या आईशी बोलते. चांदणी, एक विचारू? तुम्हाला भूक लागलीय हे त्या काकूंना कसं कळायचं?

चांदणी:
सुरुवातीला कळलं नाही. त्या विचारायच्या आणि मी नको म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं, सगळ्यांबरोबर माझंही ताट वाढायला लागल्या. तेव्हापासून मी पोटभर जेवले.