तुटलेला शाफ्ट बघून प्रश्न पडला: यात करिअर होतं का?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३ वर्षं मेंटेनन्सला आहे. पंपाचा तोच शाफ्ट वर्षात दुसऱ्यांदा तुटला. साहेब म्हणाले, "नवा टाक, लाइन चालू कर." का तुटतो हे शोधायचंच काम कुठे मिळतं का? एफईए (भागावर कुठे किती ताण येतो ते कॉम्प्युटरवर काढायची पद्धत) शिकू?

उत्तर १: तुकडे भंगारात दिले नाहीस ना? आणि तुटलेली तोंडं एकमेकांना लावून बघू नकोस, कडा घासल्या की पुरावा गेला. शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसल्या तर फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून हळूहळू वाढलेली चीर. त्या जिथून सुरू होतात तिथे बोट ठेव. मी साखर कारखान्यात भिंग आणि रॉकेलच्या फडक्यावर सुरुवात केली, आता २० वर्षं हेच करतोय. एफईए शीक, पण लोड चुकीचा दिला तरी रंगीत चित्र झकासच येतं बरं का.

उत्तर २: मेटलर्जी वाच. १९५४ला कॉमेट ही ब्रिटिश प्रवासी जेट विमानं पडली, तेव्हा इंग्लंडात फार्नबरोच्या संशोधन केंद्रात विमानाचं धड टाकीत ठेवून पाण्याचा दाब चढवला-उतरवला, शेवटी फटीगनेच केबिन फाटली.

प्रश्नकर्ता: काका, बघितलं. रेषा की-वेच्या (शाफ्टवर चावी बसायची खाच) कोपऱ्यातून निघाल्यात. कोपरा नखाला टोचतो, रेडियसच (गोलाई) नाही!

उत्तर १: ड्रॉइंगमध्ये दिलाय का ते बघ. फोटो टाक, शेजारी पट्टी ठेवून.