दहावीनंतर लेकीला इलेक्ट्रिकलच करायचंय: अकरावी सायन्स, डिप्लोमा की आयटीआय? मदत हवी आहे

विक्रोळीची_आई

नमस्कार मंडळी. लेकीचा दहावीचा निकाल लागला, 76 टक्के आहेत, सेमी इंग्लिशची शाळा, विज्ञानात 83 आणि गणितात 61. राहायला विक्रोळी, कन्नमवार नगर. घरात सध्या दुसरा विषयच नाही आणि फॉर्मच्या तारखा जवळ आल्यात म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, मोठं झालंय पण कृपया वाचा.

तिला इलेक्ट्रिकलमध्ये जायचंय आणि हे कुणी मैत्रीण जातेय म्हणून नाही. सातवी-आठवीपासून घरातली इस्त्री, मिक्सर, पंख्याचा कपॅसिटर तीच बघते. सोसायटीच्या पंपाचं पॅनल उघडलं की ही वायरमनकाकांच्या शेजारी जाऊन उभी राहते, काकाही हौसेने दाखवतात, मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर का टाकतात ते तिनेच मला समजावलं. पाठ करायला मात्र तिला अजिबात आवडत नाही, प्रयोगवहीत पैकीच्या पैकी आणि पेपरात मार्क गेलेले, असं दरवर्षी.

यांचं म्हणणं अकरावी सायन्स, सीईटी आणि मग सरळ इंजिनिअर. एका क्लासमध्ये चौकशीला गेलो तर दोन वर्षांचे अडीच लाख सांगितले आणि वर कॉलेजला रोज जायची गरज नाही, आमचं टायअप आहे, हजेरीचं आम्ही बघतो असं म्हणाले. मला ते ऐकूनच कसंतरी झालं. जिला हाताने काम करायचंय तिने दोन वर्षं नुसते एमसीक्यू सोडवायचे, प्रॅक्टिकल नावालाच, आणि एवढं करून सीईटीत कमी पडले तर पुढे काय? पण यांची भीतीही मला कळते हो. आमच्याकडे कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं, सासरे गोदरेजला कामगार होते, हे बी.कॉम. करून अकाउंट्सला लागले. त्यांना वाटतं आता ही आयटीआयला गेली तर घर परत मागे गेलं. सासूबाई तर म्हणतात मुलीची जात, खांबावर चढणार का.

लेकीला विचारलं तर ती म्हणते आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, मुलुंडला. मला स्वतःला डिप्लोमा मधला मार्ग वाटतोय, तीन वर्षांचा, बांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन नाहीतर माटुंग्याचं व्हीजेटीआय, पण तिथे 76 वर लागेल का आणि तिचं गणित तिथे टिकेल का ही धाकधूक आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या बायफोकल घ्या, म्हणजे अकरावी-बारावी सायन्सही होतं आणि इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषयही मिळतो. शेजारची मुलगी एचएससी व्होकेशनलला आहे, तिसरंच काहीतरी. एवढं सगळं ऐकून डोकं भणभणायला लागलंय.

मला खरं विचारायचंय ते हे की सोळाव्या वर्षी निवडलेलं पुढे बदलावंसं वाटलं तर कुठल्या वाटेवरून दुसरीकडे जाता येतं आणि कुठे कायमचं दार बंद होतं. आज तिला पॅनल आवडतंय, उद्या डिझाइन करावंसं वाटलं तर? कुठला कोर्स चांगला, कुठला वाईट असं प्रत्येकजण सांगतो पण हे कुणी नीट सांगत नाही. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या मुलांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा. ‘सायन्सच घ्या, स्कोप आहे’ एवढंच कृपा करून लिहू नका, ते ऐकून झालंय.

लाइनमन_डोंबिवली

ताई, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, नंतर अप्रेंटिस केली, आज नोकरीत आहे. आधी वर्षांचा हिशोब मांडतो कारण घरात भांडण त्याच्यावरच होतं. अकरावी-बारावी दोन आणि इंजिनिअरिंग चार, झाली सहा. डिप्लोमा तीन आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे आणखी तीन, तेही सहाच. आयटीआय दोन वर्षं, त्यावरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ती दोन वर्षं, मग डिग्री तीन, झाली सात. म्हणजे सगळ्यात खालून निघालेल्या मुलीला डिग्रीपर्यंत एकच वर्ष जास्त, आणि वाटेत दोनदा थांबून नोकरी धरायची सोय. हे तुमच्या मिस्टरांना कागदावर काढून दाखवा.

दार कायमचं बंद होतं असं नाही, पण जागा मोजक्या असतात आणि मार्कांवर मिळतात, त्यामुळे आयटीआयला गेलं म्हणजे अभ्यास संपला असं समजणाऱ्या पोरांना पुढे काहीच मिळत नाही. आमच्या बॅचला हेच झालं, बरीच हुशार पोरं दुसऱ्या वर्षी वर्कशॉपलाही येईनाशी झाली. आयटीआयच्या दोन वर्षांवर बोर्डाचे भाषेचे दोन पेपर दिले की बारावी समकक्ष होतं, ते तिने जरूर करावं, नंतर फॉर्म भरताना ‘बारावी पास आहे का’ हा प्रश्न जागोजागी येतो.

खांबाचं म्हणाल तर शिकवतात आणि मुली चढतात, सासूबाईंना सांगा. आयटीआयला 30 टक्के जागा मुलींना राखीव आहेत, इलेक्ट्रिशियनला मुली येतायत. महावितरणच्या विद्युत सहायकाला हाच ट्रेड लागतो, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटलाही आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो, माझगाव डॉकला आणि रेल्वेच्या परळ, माटुंगा वर्कशॉपला अप्रेंटिस घेतात. मात्र अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही, स्टायपेंड मिळतो आणि वर्षभराने बाहेर, हे आधीच माहीत असू द्या, पुष्कळांचा इथेच हिरमोड होतो.

कळवेकर

मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल करून थेट दुसऱ्या वर्षाला गेले त्यामुळे त्या बाजूचं सांगते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर यादी लागते. ज्या मुलीला तीन तासांच्या पेपरात धाप लागते पण वर्षभर नीट काम करते तिला हे फार मानवतं. जागा मंजूर संख्येच्या 10 टक्के वेगळ्या असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या त्यात मिळवतात. त्यामुळे नावाजलेल्या कॉलेजात चुरस भयंकर, बाकी ठिकाणी मिळून जातं.

गणिताचं मी लपवणार नाही. डिप्लोमाच्या पहिल्या दोन्ही सेमिस्टरला गणित आहे आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त केट्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले पेपर, त्यातच लागतात. मला दहावीला गणितात 58 होते. त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम उन्हाळ्यातच करून घेतलं म्हणून निभावलं. पुढे डिग्रीला गेल्यावर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर येतो, बारावी केलेली मुलं पहिल्या वर्षात दोन पेपर देऊन आलेली असतात आणि आपण एकदम मध्ये जाऊन बसतो. मी तिथे रडलेय. पण मशीन लॅबमध्ये तीच मुलं आमच्याकडे येऊन विचारायची की हा ऑटोट्रान्सफॉर्मर फिरवायचा कसा, वॉटमीटर उलटा का जातोय, ते वर्षभर चाललं होतं.

बांद्रा आणि व्हीजेटीआय दोन्हीकडे फॉर्म भरा, पण त्यांच्याच भरवशावर राहू नका. भायखळ्याचं साबू सिद्दिक, पार्ल्याचं भागुबाई, कांदिवलीचं ठाकूर अशी खाजगी तंत्रनिकेतनंही आहेत, फी जास्त. पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती लागू होते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर नाही, तेवढं नक्की लक्षात ठेवा.

आणि आजींना सुरेखा यादवांचं सांगा ना! आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक, साताऱ्याच्या, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचाच डिप्लोमा केलेल्या, 1980च्या दशकात मध्य रेल्वेत लागल्या. 2023 मध्ये सोलापूरहून सीएसएमटीला वंदे भारत त्यांनीच आणली होती. हे ऐकल्यावर माझ्या आजीने गावभर सांगितलं होतं की आमची नात तेच शिकतेय.

ज्युनियरचे_सर

बायफोकलबद्दल लिहितो कारण त्यात पालकांची फसगत होते. बायफोकल म्हणजे शाखा सायन्सच, फक्त दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून त्याजागी 200 मार्कांचा व्यावसायिक विषय. त्यातले 100 मार्क प्रॅक्टिकलचे, त्यामुळे टक्केवारी वाढते म्हणून झुंबड उडते. बहुतेक मुलं बायोलॉजी सोडतात, मग मेडिकल बंद. काही गणित सोडतात, मग इंजिनिअरिंगला अडचण, कारण तिथे फिजिक्स आणि गणित लागतंच. तिसरा विषय केमिस्ट्रीऐवजी तांत्रिक व्यावसायिक चालतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुमच्या मुलीने घेतलं तर गणित ठेवून घ्या, पण हाताला काम मिळेल या आशेने घेऊ नका. आठवड्याला काही तास सर्किट जोडणं एवढंच असतं, बाकी सगळा वेळ फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स.

शेजारणीचा एचएससी व्होकेशनल तो वेगळा. जुने लोक त्याला एमसीव्हीसी म्हणतात, 1988च्या सुमाराचा. बारावीचं प्रमाणपत्र बोर्डाचंच मिळतं, कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण असतं, तांत्रिक गटातून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कल्पना उत्तम होती. पण शिक्षक आणि यंत्रसामग्री दोन्हीकडे दुर्लक्ष झालं आणि कित्येक कॉलेजात तो कमी मार्कवाल्यांचा वर्ग म्हणून उरला, हे मला आतून बघताना फार लागतं. घ्यायचाच तर आधी त्यांची वर्कशॉप स्वतः जाऊन पाहा.

नव्या शैक्षणिक धोरणात, 2020च्या, निम्म्या विद्यार्थ्यांना 2025पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख असावी असं लिहिलंय. वर्गात मात्र अजून पहिल्या बाकावरचा सायन्सला आणि शेवटच्या बाकावरचा आयटीआयला हीच वाटणी चालते. तुमची मुलगी 76 टक्क्यांवर स्वतःहून आयटीआय मागतेय तर तिला मार्क कमी म्हणून तिकडे जातेय असं कुणालाही म्हणू देऊ नका.

विक्रोळीची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. लाइनमनदादा, तुमचा हिशोब मी कागदावर काढला, यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले सातच वर्षं? त्यांना वाटत होतं आयटीआय म्हणजे पुढे काही नाहीच. सासूबाईंना सुरेखा यादवांचा व्हिडिओ दाखवला, त्या काही बोलल्या नाहीत पण पूर्ण बघितला.

काल आम्ही तिघं मुलुंडच्या आयटीआयला जाऊन आलो. वर्कशॉप बाहेरूनच बघता आलं पण एका निदेशकांनी अर्धा तास दिला, लेकीने त्यांना काय काय विचारलं, अर्थिंगची प्लेट किती खोल पुरतात वगैरे, यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाहेर आल्यावर हे स्वतःच म्हणाले, डिप्लोमाचा फॉर्म भरू, आयटीआयचाही भरू. अकरावीचा पण भरायचाच असा त्यांचा हट्ट आहे, तो मी मान्य केलाय. क्लासला मात्र पैसे भरायचे नाहीत हे ठरलं. गणितासाठी कळवेकर ताईंनी सांगितलं तसं त्रिकोणमितीपासून सुरू करतेय ती, आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा शिकवणार आहे.

आता शेवटचं. तिन्हीकडे फॉर्म भरले तर एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो का? आणि शाळा सोडल्याचा दाखला एकच, तो आधी कुठे द्यायचा? माझ्या जीवाला तोच घोर लागलाय.

लाइनमन_डोंबिवली

तिन्हींची पोर्टल वेगळी आहेत, फॉर्म भरल्याने एकमेकांना काही अडचण नाही. अडचण प्रवेश घेताना येते. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर टाकतात, त्यामुळे पहिली पसंती विचार करून टाका, उगाच भरायचं म्हणून नको. डिप्लोमालाही पहिला पसंतीक्रम लागला की तो पक्का धरतात, मग पुढच्या फेरीत सुधारणा नाही, तेव्हा बांद्रा वर की व्हीजेटीआय वर हे तिच्याशी बसून ठरवा, प्रवासाचाही विचार करा, विक्रोळीहून बांद्र्याला दादरला गाडी बदलावी लागते.

मूळ दाखला जिथे प्रवेश पक्का कराल तिथेच जमा होतो. एका ठिकाणी दिला आणि नंतर दुसरीकडे लागलं तर प्रवेश रद्द करून तो परत मागावा लागतो, त्यात दिवस जातात. द्यायच्या आधी चार-पाच साक्षांकित प्रती आणि स्कॅन करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल अजून काढलं नसेल तर उद्याच सेतूत अर्ज टाका, निकालानंतर तिथे रांग वाढते आणि शिष्यवृत्ती त्याच्यावाचूनच अडकते. जातीच्या राखीव जागेतून भरणार असाल आणि नॉन क्रीमीलेयर लागत असेल तर त्याची मुदत कधीपर्यंत आहे ते आत्ताच तपासा.