‘धिस इज इट’: मायकेल जॅक्सनची तालीम आपण पाहायला हवी होती का?

स्वरवेडा

मायकेल जॅक्सन २५ जून २००९ रोजी गेला आणि चारच महिन्यांनी, ऑक्टोबरअखेरीस, ‘धिस इज इट’ हा माहितीपट जगभरच्या चित्रपटगृहांत लागला. लंडनच्या ओटू अरीनामध्ये जुलैपासून होणाऱ्या ५० कार्यक्रमांची तालीम लॉस एंजेलिसमध्ये चालू होती. तिच्या १०० तासांहून अधिक चित्रीकरणातून दिग्दर्शक केनी ऑर्टेगा यांनी तो रचला. मृत कलावंताच्या नावावर केलेला हा व्यापार आहे, असे त्याचे काही चाहतेच आजही म्हणतात. मीही त्याचा चाहता आहे आणि माझ्या मते त्याच्या कलेचा याहून मोलाचा दस्तऐवज आपल्याकडे दुसरा नाही.

त्याच्या मोठ्या कार्यक्रमांच्या चित्रणांत सगळे आधीच घोटून तयार झालेले असते. ते कोणी ठरवले, कसे ठरवले, हे कळायला काही मार्ग नसतो. इथे तो मिळतो. ‘द वे यू मेक मी फील’च्या सुरुवातीबद्दल संगीत-दिग्दर्शक मायकेल बियर्डन यांच्याशी त्याचे जे बोलणे होते, ते लक्ष देऊन ऐका. त्याला ती लय आणखी मागे रेंगाळलेली हवी आहे, स्वरांमधली जागा आणखी रिकामी हवी आहे, आणि संयोजन पुढे सरकू लागले की तो थांबवून ते मुरू द्यायला सांगतो. स्वरलेखन वाचता न येणारा हा माणूस प्रत्येक वाद्याचे काम डोक्यात बाळगून होता, हे या काही मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके त्याच्यावरच्या कोणत्याही लेखात मला सापडलेले नाही. कानातल्या यंत्रातून आवाज फार मोठा येतो, ही तक्रारसुद्धा तो प्रेमानेच सांगतो आहे असे म्हणत करतो. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’च्या शेवटी ओरियांथी या तरुण गिटारवादिकेला तो सर्वांत उंच स्वर ताणून धरायला लावतो आणि ही तुझी वेळ आहे असे सांगतो.

आर्या_म

तुम्ही जे सौंदर्य सांगता ते मलाही दिसते, आणि तरीही हा माहितीपट बनायला नको होता असे माझे ठाम मत आहे. सहगायिका ज्युडिथ हिलबरोबरच्या युगुलगीताचा प्रसंग तुम्ही कसा गाळला? गाण्याच्या शेवटी तो भान हरपून पूर्ण आवाजात गातो, समोर बसलेले नर्तक टाळ्या वाजवतात, आणि लगेच तो सांगतो की मला असे गायला लावू नका, मी आवाज जपतो आहे. आपले कच्चे काम लोकांसमोर येऊ नये अशी ज्याची आयुष्यभर धडपड होती, त्याच्या तोंडची ही विनंती चित्रपटात ठेवली आहे आणि तिच्यामागोमाग तेच गाणे आपल्याला तिकीट लावून विकले आहे. या चित्रीकरणाच्या हक्कांसाठी ६ कोटी डॉलर मोजले गेले. ज्याचे हे काम होते त्याला होकार द्यायला किंवा नकार द्यायला जागाच उरली नव्हती.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. १९ जूनला त्याची अवस्था इतकी वाईट होती की ऑर्टेगा यांनी त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळले, पाय चोळून दिले आणि घरी पाठवले. त्याच रात्री त्यांनी आयोजकांना काळजीचा मेल लिहिला, जो पुढे न्यायालयात वाचला गेला. माहितीपट बनवणाऱ्याला हे ठाऊक होते आणि त्यातले अवाक्षरही पडद्यावर नाही. माहितीपट लागण्यापूर्वीच काही चाहत्यांनी ‘धिस इज नॉट इट’ ही मोहीम चालवली होती, ती याच कारणासाठी.

अंधेरीकर

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलातला त्याचा कार्यक्रम पाहण्याचे भाग्य मला लाभले, म्हणून एक मुद्दा मांडतो. ‘हिस्टरी’ दौऱ्यात बरीचशी गाणी ध्वनिमुद्रित आवाजावर सादर होत असत, आणि नृत्याच्या त्या वेगापुढे आम्हाला त्याचे काही वाटलेही नाही. म्हणूनच, ज्या युगुलगीतावर आर्याताईंचा आक्षेप आहे, तेच मला या माहितीपटाचे सर्वांत मोठे देणे वाटते. पन्नास वर्षांचा मायकेल पूर्वतयारी नसताना, समोर मोजकेच लोक असताना, स्वतःच्या गळ्याने हरकती घेत गातो. तो आता गाऊ शकत नव्हता, असे त्याच्या हयातीत बिनदिक्कत लिहिले जात होते. त्याला हे उत्तर मिळाले नसते तर तो अन्याय कायमचा राहिला असता.

नेपथ्य

मी नाटकाच्या तालमींत वाढलो आहे, त्यामुळे मला संकलनाची अधिक अडचण वाटते. एकाच गाण्यात त्याचे कपडे बदलत राहतात, कारण निरनिराळ्या दिवसांचे तुकडे जोडून एक सलग सादरीकरण बनवले आहे. तालमीत चूक होते, थांबणे होते, पुन्हा सुरुवात होते. हे बहुतेक कापून टाकल्यावर उरते ते प्रत्यक्षात कधीच न झालेले सादरीकरण. मग याला कलेचा दस्तऐवज कसे म्हणायचे?

स्वरवेडा

नेपथ्य, जोडकाम लपवलेले असते तर तुमचा आक्षेप मी मान्य केला असता, पण बदलते कपडे प्रेक्षकासमोर उघडे ठेवलेले आहेत आणि माझ्यासारख्याला त्यावरूनच कळते की एकच जागा तो वेगवेगळ्या दिवशी किती निराळ्या ताकदीने गातो.

आर्याताई, मृत्यूची चौकशी हे न्यायालयाचे काम होते आणि ते झाले: नोव्हेंबर २०११ मध्ये त्याचे खासगी डॉक्टर कॉनरॅड मरे त्याच्या मृत्यूप्रकरणी दोषी ठरले. शिवाय शेवटच्या दोन दिवसांच्या, २३ आणि २४ जूनच्या तालमी उत्तम झाल्या, हेही साक्षींतूनच पुढे आले आहे. त्याला फक्त रुग्ण म्हणून दाखवणे हेही अर्धसत्यच झाले असते.

आर्या_म

फक्त रुग्ण म्हणून दाखवा, अशी मागणी मी केलेली नाही. तो आजारी असतानाही असे काम करत होता, हे सांगितले असते तर आपला आदर वाढलाच असता. हे मूळ चित्रीकरण अभ्यासकांसाठी संग्रहालयात, तारखांसह, न कापता ठेवले असते तर मी तक्रार केली नसती.

स्वरवेडा

तारखांसह, न कापलेले चित्रीकरण खुले करावे, ही मागणी वारसांकडे करायला मी तुमच्यासोबत सही करीन. परंतु ते केवळ अभ्यासकांपुरते का असावे? लंडनची तिकिटे घेतलेल्या आणि कार्यक्रम कधीच न पाहिलेल्या लाखो लोकांचाही त्यावर काही हक्क आहे, आणि २००९ च्या त्या हिवाळ्यात चित्रपटगृहाखेरीज तो हक्क बजावण्याची दुसरी जागा त्यांना नव्हती.