मदत हवी आहे : नवा बेट्टा मासा दुपारी मलूल पडतो, पाणी गार कसं ठेवू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात राहतो. गेल्या आठवड्यात निळा नर बेट्टा आणलाय. टाकी 20 लिटरची, झाकण आहे, स्पंज फिल्टर मंद ठेवलाय, सोबत दुसरा मासा नाही. सोडताना पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत गेलो.

अडचण उन्हाळ्याची. पाणी 24 ते 28 अंश हवं, पण दुपारी ते 33 वर जातं आणि पहाटे उतरतं. दुपारी तो पर मिटून पानाआड बसतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. संध्याकाळी मात्र काचेजवळ येऊन बघतो, तेव्हा फार बरं वाटतं. अंगावर पांढरे ठिपके किंवा बुरशी नाही. वर येऊन हवा घेतो, पण ते बेट्टाचं नेहमीचंच.

पाणी नळाचं. ते रोज येत नाही, म्हणून साठवून, क्लोरीन घालवायचं औषध टाकून वापरतो. बोअरचं जड आहे, बादलीवर पांढरा थर धरतो, म्हणून टाळलं. खिडकीला पडदा लावला, टाकीचा दिवा कमी वेळ ठेवला, दाणेही कमी केले, फरक नाही. पाण्यातला अमोनिया तपासायचं किट मागवलंय, अजून आलेलं नाही. एसी नाही, चिलर (पाणी गार करायचं यंत्र) परवडणार नाही. दुकानदार आत्ताच औषध टाका म्हणतो, मला ते पटत नाही.

झाकण काढून जाळी बसवली आणि पाण्यावर छोटा पंखा सोडला तर चालेल का, की बर्फाची बंद बाटली बरी? आणि तो खात नाही हे उन्हामुळे की नव्या जागेमुळे, हे कशावरून ओळखायचं?